टाइमशीट आणि ऑडिटचा आक्षेप

प्रश्न : ऐरोलीच्या कार्यालयातून मी अमेरिकेतील, माजी सैनिकांना घरे मिळवून देणाऱ्या संस्थेचे हिशेब पाहतो. तिच्या केंद्रीय अनुदानाच्या ऑडिटमध्ये दोन कर्मचाऱ्यांच्या पगारावर आक्षेप आला आहे. काम झालेले असताना जुन्या टाइमशीट आता भरून द्याव्यात का?

उत्तर : मुळीच देऊ नयेत, मागील तारखांचे कागद तयार करणे हा मूळ चुकीपेक्षा कितीतरी गंभीर दोष ठरेल. तेथील नियमांनुसार पगाराचा खर्च प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या नोंदींवर आधारलेला असावा लागतो, केवळ अंदाजपत्रकातील टक्केवारी पुरावा म्हणून चालत नाही. बारा महिने दर आठवड्याला नेमके वीस-वीस तास आणि सर्व सह्या एकाच दिवशीच्या, असा कागद कोणताही ऑडिटर बाजूला काढणारच. त्याऐवजी त्या काळातील ईमेल, भेटींच्या नोंदी, घरभाड्याच्या फायली जशा आहेत तशा सादर कराव्यात. ऑडिटच्या आक्षेपाला उत्तर म्हणून संस्थेने द्यायच्या सुधारणा आराखड्यात जबाबदार व्यक्तीचे नाव, करावयाची कार्यवाही आणि पूर्ततेची अपेक्षित तारीख द्यावीच लागते. आक्षेप अमान्य असल्यास कारणेही तेथेच लिहावीत. हे सर्व ऑडिटच्या अहवालासह सादर करण्यासाठी, अहवाल मिळाल्यापासून 30 दिवस किंवा ऑडिट झालेल्या वर्षाच्या अखेरीपासून 9 महिने, यांपैकी आधी येणारी मुदत पाळावी. हा पैसा बेघर सैनिकांच्या छपराचा आहे, म्हणून आपण अमेरिकेतील सहकाऱ्यांना आजच कळवावे.