नऊ पराभवांचा हंगाम

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत लिंकन येथे नेब्रास्का विद्यापीठात शिकतो. तेथील अमेरिकन फुटबॉल संघ २०२१ मध्ये बारापैकी नऊ सामने हरला. तरीही तो संघ वाईट नव्हता, असे पुतण्या ठामपणे सांगतो. याला आंधळे प्रेम म्हणावे, की त्यात काही तथ्य आहे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तथ्य निश्चित आहे. या खेळात टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेल्याचे, सहा गुण मिळतात आणि त्यापाठोपाठ आणखी एक किंवा दोन गुण मिळवता येतात. म्हणजे आठ गुणांपर्यंतची पिछाडी एकाच चढाईत भरून निघू शकते. नेब्रास्काच्या नऊ पराभवांपैकी आठ याच मर्यादेतले होते आणि ओहायो स्टेटविरुद्धचा नववा पराभव १७-२६ असा, अवघ्या नऊ गुणांचा होता. सर्व पराभवांतील पिछाडीची बेरीज ५६ भरते, तर नॉर्थवेस्टर्नवर मिळवलेल्या ५६-७ या एकाच विजयातील आघाडी ४९ गुणांची होती. संपूर्ण हंगामात संघाने ३३५ गुण केले आणि २७२ दिले. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ६३ गुण अधिक करूनही तीनच विजय पदरी पडावेत, हे क्वचितच घडते. शिवाय ज्यांच्याविरुद्ध तो थोडक्यात हरला, त्यांपैकी मिशिगनने त्या वर्षी बिग टेन या विद्यापीठ संघांच्या गटाचे (नेब्रास्काही याच गटात खेळतो) विजेतेपद मिळवले, तर ओक्लाहोमा, ओहायो स्टेट आणि मिशिगन स्टेट या तिघांनीही हंगामात अकरा-अकरा सामने जिंकले.

मात्र एवढ्यावरून सारे खापर दैवावर फोडणे मला मान्य नाही, कारण हे सामने निसटले कसे ते पाहिले की एकच दुखणे पुन्हा पुन्हा दिसते. चेंडूला लाथ मारून खेळल्या जाणाऱ्या डावांसाठी प्रत्येक संघाची वेगळी तुकडी असते. तिला स्पेशल टीम्स म्हणतात. नेब्रास्काची ही तुकडी अतिशय कच्ची होती. इलिनॉयविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात टचडाउननंतरचा सोपा अतिरिक्त गुण दोनदा हुकला. ओक्लाहोमाविरुद्ध अशीच एक किक अडवली गेली आणि प्रतिस्पर्ध्यांनी तोच चेंडू दुसऱ्या टोकापर्यंत पळवत नेऊन दोन गुण मिळवले. तो सामना १६-२३ असा गेला. मिशिगन स्टेटविरुद्धची संध्याकाळ तर चाहत्यांना आजही बोचते. त्या सामन्याच्या उत्तरार्धात नेब्रास्काच्या बचावफळीने यजमानांना अवघे १४ यार्ड मिळू दिले होते आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना संघ २०-१३ असा पुढे होता. त्या वेळी चेंडू दूर धाडण्यासाठी मारलेला पंट ठरल्यापेक्षा उलट्या बाजूला गेला, त्यामुळे अडवणारे खेळाडू भलतीकडे राहिले आणि मिशिगन स्टेटचा जेडन रीड ६२ यार्ड धावत टचडाउन करून गेला. जादा वेळेत नेब्रास्का २०-२३ असा हरला. अखेरच्या सामन्यात आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी होती. तेथेही चौथ्या सत्रात पंट अडवला जाऊन त्यावर टचडाउन झाले आणि निकाल २१-२८ लागला.

पुतण्याचे म्हणणे मी म्हणूनच अर्धे मान्य करतो. संघातील खेळाडू चांगले होते. तयारी अपुरी होती, आणि ती कोठे अपुरी आहे हे सप्टेंबरमध्येच उघड झाले होते.

प्रश्न : अशा हंगामानंतरही मुख्य प्रशिक्षकाला का ठेवले गेले? — एक वाचक, पुणे

उत्तर : प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट हे तेथील लोकांना घरचे वाटत होते. ते मूळचे नेब्रास्काचे. १९९७ मध्ये ज्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्याचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेले खेळाडू, तेच होते. २०१७ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली सेंट्रल फ्लोरिडाचा संघ अपराजित राहिला आणि लगेच त्यांना लिंकनला बोलावण्यात आले. या राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे सगळा जीव या विद्यापीठाच्या संघात गुंतलेला असतो. संघाच्या घरच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला पूर्ण विकली जात आहेत, आणि २०२१ मध्ये ही परंपरा खंडित होऊ नये म्हणून देणगीदारांनी उरलेली तिकिटे विकत घेतल्याचेही घडले. पूर्वीचे मुख्य प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांच्या २५ हंगामांत एकदाही नऊपेक्षा कमी विजय न पाहिलेल्या लोकांनी नऊ पराभवांच्या वर्षीही स्टेडियम भरलेले ठेवले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये विद्यापीठाचे क्रीडा संचालक ट्रेव्ह आल्बर्ट्स यांनी फ्रॉस्ट यांना आणखी एक संधी दिली. वार्षिक मानधन ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणले गेले आणि आक्रमणाचे चार साहाय्यक प्रशिक्षक बदलण्यात आले. त्या वेळी थोडक्यात झालेले पराभव हे संघ जवळ पोहोचल्याचे लक्षण मानले गेले. माझ्या मते हे वाचन चुकीचे होते. एका वर्षी असे पराभव झाले तर दुर्दैव म्हणता येते. परंतु फ्रॉस्ट यांच्या संपूर्ण कारकिर्दीत आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने निकाली निघालेले ५ सामने संघाने जिंकले आणि २२ गमावले. जॉर्जिया सदर्नकडून ४२-४५ असा पराभव झाल्यावर ११ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांना हटवण्यात आले. तीन आठवडे थांबले असते, तर करारानुसार द्यावयाची दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर येणार होती. तेवढेही थांबण्याची कोणाची तयारी उरली नव्हती.

प्रश्न : क्वार्टरबॅक अॅड्रियन मार्टिनेझ याला पराभवांसाठी दोषी धरणे योग्य होते का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : त्याच्या चुका झाल्या, हे खरे. मिशिगनविरुद्ध २९-२९ अशी बरोबरी असताना अखेरच्या दोन मिनिटांत त्याच्या हातून चेंडू निसटला आणि त्यावरच प्रतिस्पर्ध्यांनी विजयी फील्ड गोल (खांबांमधून लाथेने चेंडू मारून मिळणारे तीन गुण) केला. पण जबड्याचे हाड मोडलेले असतानाही हा विद्यार्थी त्या हंगामात खेळत राहिला, आणि त्याच्याकडून चेंडू घेऊन धावण्यापासून अडचणीत सावरण्यापर्यंत सर्व कामांची अपेक्षा ठेवली गेली. एवढा भार एकाच मुलावर टाकून पुन्हा त्यालाच बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. पुढच्या वर्षी तो कॅन्सस स्टेटकडे गेला. दुखापतीने त्याला अखेरचे सामने गमवावे लागले, परंतु बहुतेक हंगाम त्याने ज्या संघाची धुरा वाहिली, त्या संघाने २०२२ मध्ये बिग ट्वेल्व्ह गटाचे विजेतेपद मिळवले.