नागपुरात विंग फॉइलिंग: बोर्ड घरी करा, पण ते कूलरचं रेझिन आधी परत करा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वजन ८० किलो, राहणार त्रिमूर्तीनगर, पोहता येतं, गोव्यात तासभर विंग, म्हणजे हवा भरलेलं शीड, हातात धरून पाहिली आणि तेव्हापासून झोप उडालीय. आता बोर्ड घरी करायचा: थर्माकोलचा मोठा ठोकळा मिळालाय, रेझिन ओळखीच्या कूलरवाल्याकडून आणलंय, फॉइल (बोर्डाखाली खांबावर बसणारा, पाण्यात बोर्डाला वर उचलणारा पंखांचा संच) लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची करून घ्यायची आणि अंबाझरी तलावात उतरायचं. हे जमेल का, असं विचारलंय. अर्धं जमेल.

सगळ्यात आधी ते रेझिन परत करा. कूलरच्या फायबर बॉडीला वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात स्टायरीन असतं, आणि स्टायरीन थर्माकोलला खाऊन टाकतं. हे वाचून नाही, करून सांगतोय. माझा पहिला ठोकळा मी गच्चीवर स्टुलांवर मांडला आणि मोठ्या थाटात अर्धा मग ओतला. आधी नुसता चरचर आवाज आला, मग मधोमध खळगा पडला, आणि थोड्या वेळाने त्या खळग्यातून गच्चीची फरशी दिसायला लागली. शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या. म्हणाल्या, "काय करून राहिले जी, इडलीपात्र?" थर्माकोलवर फक्त इपॉक्सी रेझिन. महाग पडतं, पण दुसरा रस्ता नाही.

ठोकळाही एकदा तपासून घ्या. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला असतो तो हलका थर्माकोल बोर्डाला चालत नाही, पायाखाली दबतो. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना लावतात तो दाट माल मागा. "घनमीटरला वीस किलोचा" असं सांगितलं की दुकानदाराला कळतं. घरी वजन करून पाहायचं. १० सेंमी × ३० सेंमी × १०० सेंमीचा तुकडा ६०० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे.

आता वाऱ्याचं, कारण खरी अडचण तिथे आहे. नवशिक्याला ५ ते ६ चौरस मीटरची विंग घेऊन पाण्यावरून उचलायला साधारण १२ ते १५ नॉट लागतात, म्हणजे ताशी २२ ते २८ किमी. नागपुरात ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर निंबाचं पान हलत नाही. वारा मिळतो तो मे ते ऑगस्ट, आणि तोही सरळ नाही. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या जमिनीमुळे झुळूक येते, जाते, मध्येच वावटळ उठते. जून-जुलैत नैर्ऋत्य-पश्चिमेचा वारा जरा धरून वाहतो, तेच आपले दिवस. मी वही ठेवतो. मागच्या मोसमात बोर्ड पाण्याबाहेर उचलला असे माझे अकरा दिवस झाले, आणि मला हेही बरेच वाटतात.

त्यात आपली हवाही पातळ. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंच, आणि मे महिन्यात पारा ४२-४४. तापलेली हवा विरळ असते. हिशेब केला तर तेवढ्याच वाऱ्यात कोकण किनाऱ्यापेक्षा आपल्याकडे विंगला आठ-नऊ टक्के जोर कमी मिळतो. गोव्यात पाचच्या विंगवर भागलं असेल तर इथे साडेपाच-सहा धरा.

म्हणूनच फॉइल मोठी हवी. पाण्याखालच्या पंखाला मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि पंखाच्या क्षेत्रफळाच्या पटीत वाढते. तुम्ही ८० आणि सामान १५ असे ९५ किलो उचलायचे आहेत. पुढचा पंख १८०० चौरस सेंमीचा असेल तर ताशी १५ किमीच्या आसपास बोर्ड सुटतो. १२०० चा घेतला तर तेच काम १८ किमीला होतं. ऐकायला तीनच किमीचा फरक वाटतो, पण रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या वाऱ्यात तो बोर्ड उडणं आणि दिवसभर गुडघ्यावर बसून राहणं यातला फरक आहे. व्हिडिओत पोरं छोट्या फॉइलवर फिरताना दिसतात ती समुद्रावर आहेत, आणि ५५ किलोची आहेत.

फॉइल घरी करायचा विचार मात्र सोडून द्या. गोष्ट जुनीच आहे, इटलीच्या फोरलानिनीने १९०६ साली माजोरे सरोवरावर हायड्रोफॉइलची बोट चालवली होती, तेव्हा आपणही करू असं वाटणारच. पण डाव्या-उजव्या पंखाच्या कोनात अंशभर फरक राहिला की बोर्ड एका अंगाला पडत राहतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. महिनाभर मी एकाला असं पडताना पाहिलंय. सेकंडहँड संच घ्या. ७० ते ७५ सेंमीचा मास्ट (बोर्ड आणि पंख जोडणारा खांब), मोठा पुढचा पंख आणि बोल्ट गंजलेले नसावेत, एवढं पाहा. नवा संच लाखाच्या पुढे जातो. बोर्डाचं सामान मला मिळून अठरा हजारांच्या आत पडलं, यावरून पैसे कुठे जातात ते समजून घ्या.

अंबाझरीचं म्हणाल तर माझा सल्ला "नको" असाच आहे. घराजवळ आहे, मोह होतो, मलाही झाला होता. पण जलपर्णी एकदा मास्टला गुंडाळली की तुम्ही जागच्या जागी तोंडावर. शिवाय आपल्याला वारा मिळतो नेमका पावसाळ्यात, आणि भरलेल्या तळ्याच्या सांडव्याजवळ वाऱ्याने ढकललं जाणं ही गंमत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला ते पाणी शहरात कसं शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गोरेवाड्याचं पाणी पिण्याचं आहे आणि तोतलाडोह व्याघ्रप्रकल्पात, त्यामुळे ते दोन्ही विचारातच घेऊ नका. राहतं रामटेकचं खिंडसी. तिथे बोटिंग चालतं, तेव्हा बोटवाल्यांशी आधी बोलून, परवानगीचं विचारून, त्यांच्या रस्त्याबाहेर उतरायचं.

खिंडसीला पहिल्यांदा जाल तेव्हा बोर्ड घरीच ठेवा. मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं तेव्हा काठाकाठाने चालत जा. जुनी खोडं, खडक, मुरमाचे उंचवटे सगळं उघडं पडलेलं दिसतं. मोबाइलवर खुणा करून ठेवा, कारण जुलैअखेर तेच सगळं पाण्याखाली हातभर जातं आणि तुमचा मास्ट पाऊण मीटरचा आहे. दुसरं म्हणजे ढिवर लोकांची जाळी. पाण्यावर रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा. फॉइलने जाळं फाटलं तर नुकसान त्यांचं होतं, आणि पुढच्या खेपेला त्या काठावर तुम्हाला कोणी उभं करणार नाही. मी पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या ढिवरबाबांजवळ बसून चहा घेतला, तेव्हापासून ते मला आधीच ओरडून सांगतात, आज तिकडे नको, इकडे जा.

आणि आभाळ गरजलं की बाहेर. मान्सूनपूर्व वादळात वारा ताशी दहा किमीचा साठ व्हायला दोन मिनिटं लागत नाहीत. समोर धुळीचा पडदा दिसला की विंग सोडून बोर्डवर आडवं व्हायचं आणि काठ गाठायचा. उघड्या तळ्यावर सगळ्यात उंच वस्तू आपण असतो, विजेला एवढं पुरतं. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट हवंच, यावर मी वाद घालत नाही.

आता बोर्ड. वजनात ४० मिळवा, तेवढे लिटर घनफळ, म्हणजे तुमचा १२० चा. माझा १८३ सेंमी लांब, ७६ रुंद आणि १३ जाड आहे, कडा गोलावल्यावर साधारण १२३ लिटर भरतो. तळ सपाट, नाक वर उचललेलं, खालच्या कडा तिरप्या कापलेल्या, म्हणजे पाण्याला टेकला तरी चिकटत नाही. दिसायला दरवाज्यासारखा दिसतो, दिसू द्या.

कापायला निक्रोमची तार इस्त्री-हीटर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. ती बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरवर तापवा, घरच्या लाइनला थेट जोडू नका. प्लायचे दोन सारखे साचे ठोकळ्याच्या दोन बाजूंना ठोकायचे आणि त्यावर एक ते वीस आकडे घालायचे. तार दोघांनी ओढायची. माझ्या दुसऱ्या टोकाला बायको होती. आकडा मी म्हणणार, तीही म्हणणार, आणि दोघांची तार एकाच वेळी त्या आकड्यावर आली पाहिजे. "सहा." "सहा." "सात." "अहो थांबा, माझं अजून सहाच आहे." अशा वेळी थांबायचं नसतं. तार थांबली की तिथे थर्माकोल वितळून खाच पडते. मी थांबलो, ती खाच अजून आहे, नंतर पुटी भरली. चालायचं ते एकाच मंद चालीने, आणि मागे राहिलेल्याने घाई करायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो मास्टच्या पट्ट्यांना. दोन समांतर रेल, मध्यापासून मध्यापर्यंत ९० मिमी, बहुतेक फॉइलच्या प्लेटा त्यावर बसतात. त्या नुसत्या थर्माकोलमध्ये बसवल्या तर पहिल्या पडण्यात निघून हातात येतील. हिशेब सोपा आहे. मास्टच्या टोकाला ३० किलोचा आडवा जोर बसला आणि मास्ट ८० सेंमीचा असला, तर ९ सेंमी अंतरावरच्या रेलवर अडीचशे किलोच्या वर ओढ येते. म्हणून रेलभोवती तळापासून डेकपर्यंत (बोर्डाच्या वरच्या बाजूपर्यंत) दाट पीव्हीसी फोमचा ठोकळा घालायचा आणि तो वरच्या-खालच्या दोन्ही कापडांना इपॉक्सीने बांधायचा. मग ओढ सगळ्या बोर्डात वाटली जाते. रेल मधल्या रेषेला समांतर आहेत का ते दोरा ताणून पाहा, आणि मास्ट तात्पुरता लावून सुताराचा गुण्या धरा. रेल लांब घ्या. मास्ट कुठे बसवायचा ते तुमच्या पायांना पाण्यावर कळतं, कागदावर नाही, आणि पुढे-मागे सरकवायला जागा लागते.

कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, काचेचं, खाली दोन थर, वर तीन, उभं राहता तिथे एक जास्तीचा. काम पूर्ण होऊन बोर्ड आठ-साडेआठ किलोचा झाला तर छान झालं म्हणा.

लॅमिनेशनची, म्हणजे रेझिनने कापड चढवायची, वेळ मात्र नागपूरकराने नीट ठरवावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायला मिळणारा वेळ निम्मा होतो. डब्यावर २५ अंशाला तीस मिनिटं लिहिलेली असली तर आपल्या मे महिन्यात दहा मिनिटंही मिळत नाहीत. माझ्या मगातून एकदा धूर निघाला आणि प्लॅस्टिकचा मग वाकडा झाला. थोडं थोडं कालवायचं आणि लगेच कापडावर पसरायचं, मगात साठवून ठेवायचं नाही. दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. थर्माकोलच्या आत हवा असते. सकाळी काम धरलं आणि ऊन चढत गेलं तर ती हवा फुगते आणि ओल्या कापडाखालून बुडबुडे काढते, सगळा डेक देवी आल्यासारखा होतो. म्हणून सूर्य मावळल्यावर, पारा उतरताना सुरू करायचं. हवा आत आकसते आणि रेझिनला ओढून धरते. मी डिसेंबरात, संध्याकाळी सहाला सुरुवात केली. तेव्हा उलट रेझिन मधासारखं घट्ट होतं, तर डबे कोमट पाण्यात ठेवले.

याच कारणासाठी बोर्डला आतली हवा सोडायला छोटा व्हेंट स्क्रू ठेवा, आणि रंग पांढराच. काळा-निळा छान दिसतो, पण आपल्या उन्हात गाडीच्या टपावर अर्धा तास राहिला की कापड थर्माकोलपासून सुटायला लागतं.

विंगचं थोडक्यात. ती हातातली गोष्ट, जमिनीवर शिका. रेशीमबागच्या मैदानावर मी संक्रांतीच्या आसपास सराव केला, पोट्टे जमायचे, "काका, एवढी मोठी पतंग, मांजा कुठाय?" काठावर हवा भरताना खाली सतरंजी टाका, कारण बाभळीचा काटा. ब्लॅडरला (विंगच्या आतल्या हवेच्या पिशवीला) सायकलचं सोल्युशन लागत नाही, त्याचे वेगळे पॅच येतात, दोन जवळ ठेवा. भरलेली विंग उन्हात सोडून जेवायला जाऊ नका, आतली हवा तापून शिवण उसवते.

माझं ऐकाल तर बोर्ड करण्याआधी एकदा आठवडाभर रामेश्वरमकडे जाऊन या. काइटसर्फिंगवाल्यांमुळे तिथे शिकवणारे आहेत, आणि वारा असा की एका दिवसात आपल्या दोन महिन्यांचा सराव होतो. परत आल्यावर बोर्ड किती मोठा हवा ते तुम्हीच मला सांगाल.

साचे हवे असतील तर घेऊन जा, माळ्यावर पडून आहेत. डाव्या साच्यावर चौदानंतर एकदम सोळा आहे, पंधरा लिहायचा राहून गेलाय, ते दुसऱ्या टोकाच्या माणसाला आधीच सांगून ठेवा.