हिशोबात २.१ व्होल्ट येतात, मग ट्रान्झिस्टरच्या बेसवर १.६ व्होल्टच का मिळतात?

तुमची जोडणी अशी: १२ व्होल्ट सप्लाय, डिव्हायडरचा (सप्लाय विभागून बेसला देणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या जोडीचा) वरचा रेझिस्टर ४७० किलोओम, खालचा १०० किलोओम, एमिटरला १ किलोओम, ट्रान्झिस्टर बीसी५४७. डिव्हायडरचं सूत्र २.१ व्होल्ट देतं ते बरोबरच आहे, पण मधल्या जोडातून कुणी करंट घेत नाही असं ते गृहीत धरतं. इथे बेस करंट घेतो.

थेवेनिनचा नियम लावून बघा, म्हणजे डिव्हायडरच्या जागी २.१ व्होल्टचा एक सोर्स आणि त्याच्यापुढे एकच रेझिस्टर धरा. दोन्ही रेझिस्टर समांतर धरले की ८२.५ किलोओम होतात. एमिटरचा १ किलोओम बेसकडून (बीटा + १) पट दिसतो; बीटा म्हणजे कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट आहे तो आकडा, आणि खालचे ०.६५ हा बेस आणि एमिटरमधला व्होल्टेज ड्रॉप. बीटा २०० धरला तर

बेस करंट = (२.१ − ०.६५) ÷ (८२.५ + २०१) किलोओम, म्हणजे सुमारे ५.१ मायक्रोअँप.

हा करंट ८२.५ किलोओममध्ये ०.४२ व्होल्ट खातो. बेसवर उरले १.६८.

राहिलेला फरक बहुधा मीटरचा. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरचा इनपुट रेझिस्टन्स बऱ्याचदा १ मेगाओमच असतो आणि एवढ्या मोठ्या रेझिस्टरांवर तो लोड टाकतो. म्हणून एमिटरवर मोजा, तिथे रेझिस्टर लहान असल्याने मीटरचा लोड जाणवत नाही, आणि त्यात ०.६५ मिळवा. मी नेहमी असंच करतो.

पण २०० हा आकडा मी नुसता धरलाय, आणि खरी अडचण तिथेच आहे. बीसी५४७ चा बीटा ११० पासून ८०० पर्यंत कुठेही असू शकतो. तुमच्या सर्किटात त्यामुळे एमिटर करंट ०.८४ ते १.३२ मिलीअँप इतका हलेल. ट्रान्झिस्टर बदलला की बायस (सिग्नल नसतानाचे करंट आणि व्होल्टेज) बदलला. डिव्हायडरचे हेच रेझिस्टर ४७ आणि १० किलोओम करा: तोच करंट १.३५ ते १.४४ मध्ये राहतो. बेस करंट अचूक काढत बसण्यापेक्षा त्याचा परिणाम नगण्य होईल असं डिझाइन करणं मला केव्हाही जास्त पटतं.

खालचा रेझिस्टर बीटा गुणिले एमिटर रेझिस्टरच्या दहाव्या भागापेक्षा मोठा नको, आणि बीटा डेटाशीटमधला सगळ्यात कमी घ्यायचा. इथे ११० × १ ÷ १०, म्हणजे ११ किलोओम, १० चालतो. मात्र डिव्हायडर आता २१ ऐवजी २१० मायक्रोअँप घेईल आणि इनपुट इम्पीडन्स (सिग्नल देणाऱ्या सर्किटला इथे दिसणारा रोध) ८ किलोओमच्या आसपास येईल. मागच्या स्टेजला, म्हणजे सिग्नल देणाऱ्या सर्किटला, हे झेपत नसेल तर एमिटरचा रेझिस्टर वाढवून कमी करंटवर काम भागतं का ते आधी बघा.