कर्व्यांचं मुरूड दापोलीजवळचं, खोली घेताना तालुका बघा

"आईला महर्षी कर्व्यांचं जन्मगाव दाखवायचंय, मुरूड बीचला खोली घेतली, मग एजंट जंजिऱ्याच्या होडीचे पैसे का लावतोय?" हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुमची खोली बहुतेक रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला आहे, जंजिरा किल्ला तिथलाच. कर्व्यांचं मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, कर्दे आणि हर्णैच्या मधे.

आमच्याबाबतीत हेच घडलं. आत्या कर्व्यांनी पुण्याजवळ काढलेल्या हिंगण्याच्या शाळेत शिकलेली, तिला एकदा अण्णांचं, म्हणजे कर्व्यांचं, गाव बघायचं होतं. बुकिंग करणाऱ्या कार्यालयात मी "दापोलीचं मुरूड" असं स्पष्ट सांगितलं होतं. पावतीवर मात्र नुसतं "मुरूड बीच". चूक कळल्यावर फोन केला, तर उत्तर काय? "समुद्र तिकडेही आहेच ना, फरक काय पडतो?" पैसे परत नाहीत, बदल नाही, ईमेल करा म्हणाले आणि ईमेलला उत्तरच नाही. पैशांचं जाऊ द्या, पण आत्याचे गुडघे पुढच्या वर्षी प्रवासाचे राहिले नाहीत. त्या माणसाचा अजून राग येतो.

म्हणून सांगतो, पावतीवर तालुका आणि जिल्हा लिहून घ्याच. एजंटला विचारू नका, खोलीच्या मालकालाच फोन लावून "दापोली स्टँडपासून किती लांब?" विचारा. अलिबागचं नाव निघालं तर तिथल्या तिथे रद्द करा. किनाऱ्याने एका मुरूडहून दुसऱ्याला जाता येतं, आगरदांडा–दिघी आणि बागमांडला–वेसवी अशा दोन फेरीबोटींनी, गाडीसकट. पण त्यात दिवस जातो. वयस्कर माणसांना घेऊन माझ्या मते नकोच. वेळा बदलत असतात, जाणार असाल तर आधी चौकशी करा.

आता जन्मगावाचं. बऱ्याच ठिकाणी मुरूड लिहिलेलं असतं, पण अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवलीला, आजोळी झाला. वाढले मुरूडला. आईंना जन्मस्थळच हवं असेल तर शेरवली. मला विचाराल तर मुरूडच दाखवा. इथूनच हा मुलगा परीक्षेला बसायला भर पावसात चालत साताऱ्याला गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला बसूच दिलं नाही. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं म्हणून याच गावाने बहिष्कार घातला. त्यांना स्वतःच्या आईच्या घरी राहायचीही सोय उरली नाही. तरी गावावर त्यांनी राग धरला नाही. मुरूडच्या कामांसाठी मिळकतीतला वाटा बाजूला काढायचा 'मुरूड फंड' त्यांनीच उभा केला होता. हे आईंना गावात, दुर्गादेवीच्या देवळाजवळ बसून सांगा. जांभ्याचे गडगे आणि सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता पायी फिरण्यासारखा आहे. लोक थेट किनाऱ्यावर जातात आणि गाव न बघताच परततात, हे मला फार खटकतं.

रेल्वेने येणार असाल तर खेडला उतरा, तिथून दापोलीमार्गे मुरूड. स्वतःची गाडी असेल तर वाळूत घालू नका, कोणी कितीही म्हणो. भरती चढली की चाकं रुततात आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.