'पल्प' : कागद, आकार की दर्जा?

प्रश्न असा आला आहे : 'पल्प मासिक'ला, म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या जुन्या अमेरिकी कथामासिकाला, मराठीत 'पिवळं मासिक' म्हणावं का? डाइम नॉव्हेल, पल्प, डायजेस्ट हे सगळं एकच का? आणि 'हाउस नेम'ला 'टोपणनाव' चालेल का?

'पिवळं' नकोच. आपल्याकडे पिवळं पुस्तक म्हटलं की चावट मजकूर डोळ्यांपुढे येतो. पल्पमध्ये 'स्पायसी डिटेक्टिव्ह'सारखी मासिकं होती, पण मुख्य माल रहस्य, वेस्टर्न, साहस, विज्ञानकथा आणि प्रेमकथा हाच.

शब्द मुळात कागदाचा : पल्प म्हणजे लगदा. अमेरिकी प्रकाशक फ्रँक मन्सीने 1896 साली 'आर्गसी' केवळ कथांचं मासिक केलं आणि स्वस्त कागदावर छापलं. लगदा तर साऱ्याच कागदाला लागतो; फरक तो करण्याच्या रीतीत आहे. इथे ओंडके नुसते दगडावर घासून लगदा करत. त्यामुळे लाकडातलं लिग्निन (तंतू एकत्र धरून ठेवणारं द्रव्य) तसंच राहतं, आणि त्यात कागदातल्या आम्लाची भर पडली की पानं आधी कडांना तपकिरी होतात, मग दुमडली की तुटतात. गुळगुळीत कागदावरच्या, जाहिरातींवर चालणाऱ्या मासिकांना 'स्लिक' म्हणत. लेखकाने 'स्लिकमध्ये छापून आलो' म्हटलं की मानधन वाढलं समजावं. पल्पचा रूढ दर शब्दाला एक-दोन सेंट.

मग आकार. साधारण 7 बाय 10 इंच, पानं बहुधा 112 ते 192, कडा खरबरीत. मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत, रंगीत आणि आतल्या पानांपेक्षा किंचित मोठं; म्हणून बाहेर आलेली किनार सर्वांत आधी फाटते. (तिला चिकटपट्टी लावू नये. गोंद कागदात मुरतो आणि डाग पडतो.) डाइम नॉव्हेल ही त्याआधीची, एकोणिसाव्या शतकातली पातळ पुस्तिका. डायजेस्ट म्हणजे पल्पहून लहान आकाराचं मासिक : 'अस्टाउंडिंग' हे विज्ञानकथांचं पल्प 1943 च्या अखेरीस त्या आकारात गेलं. त्यानंतरच्या अंकाला काटेकोरपणे पल्प म्हणता येत नाही, विक्रेते काहीही म्हणोत.

'हलक्या दर्जाचं' हा अर्थ सर्वांत मागाहून चिकटला, आणि सर्वांत कच्चाही तोच. डॅशिएल हॅमेटची रहस्यकादंबरी 'द मॉल्टीज फाल्कन' 1929-30 मध्ये 'ब्लॅक मास्क' या पल्पमधून क्रमशः आली आणि 1930 मध्येच पुस्तकरूपाने. कथा तीच, बदलला तो मुख्यतः कागद.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना 'मराठी पल्प' म्हणतात ते वेग आणि खप पाहता समजण्यासारखं आहे, पण त्या छोट्या पुस्तिका होत्या, मासिकं नव्हेत. तिथे 'रहस्यकथा' हाच शब्द पुरेसा आहे.

आता 'हाउस नेम', म्हणजे प्रकाशकाने ठरवलेलं, कोणत्याही लेखकाच्या मजकुरावर छापायचं नाव. त्यासाठी 'टोपणनाव' मला पटत नाही. टोपणनाव लेखकाचं असतं, हे प्रकाशकाचं. 'द शॅडो' या पल्पमधल्या बहुतेक कादंबऱ्या वॉल्टर गिब्सनने लिहिल्या, तरी छापलेलं नाव मॅक्सवेल ग्रँट. गिब्सनऐवजी दुसऱ्याने लिहिली तरी तेच. 'गादीनाव' म्हणून पाहा : गादीवर कोणीही बसो, नाव गादीचंच.