प्रवाळांच्या टाकीसाठी मीठ कोणते घ्यावे?

प्रश्न : माझ्याकडे २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तिच्यात क्लाउनफिशची जोडी, झोअँथिड आणि मश्रूम प्रवाळ आहेत. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलतो. दुकानात साधे सागरी मीठ मिळते आणि त्याहून बरेच महाग असे ‘रीफ’ (प्रवाळांसाठीचे) मीठही मिळते. महागच घ्यावे लागेल का? एका परिचितांच्या मते मिठागरातले खडेमीठही चालेल, कारण तेही समुद्राचेच असते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी खडेमिठाचे पाहू, कारण ती सूचना वरवर पटण्यासारखी आहे. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा त्यातील सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. प्रथम कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम आणि त्यानंतर आपल्या जेवणातले मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, असा क्रम असतो. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बहुतांशी शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी काढून टाकले जाते. त्यामुळे पेण-उरणकडचे खडेमीठ पुन्हा पाण्यात विरघळवले, तरी त्याचा समुद्र होत नाही. लोणच्याला ते उत्तम. टाकीत घालू नये.

आता दुकानातल्या दोन मिठांविषयी. समुद्राच्या सर्वसाधारण पाण्यात दर लिटरला कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३००च्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप, सुमारे ७ डीकेएच (हे तिचे एकक) असते. ‘रीफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिठांत हीच अल्कलिनिटी मुद्दाम ११-१२ पर्यंत चढवलेली असते, कारण दगडी प्रवाळ आपला सांगाडा घडवताना ती रोज खर्च करतात. झोअँथिड आणि मश्रूम यांना तसा सांगाडाच नसल्याने आपल्या टाकीत तिचा खप फार थोडा आहे. खडकांवर गुलाबी शेवाळाचा थर असेल, तर तो घेईल तेवढाच. तेव्हा साधे सागरी मीठ निःशंकपणे घ्यावे. डब्यावरच्या चित्रापेक्षा टाकीतला आकडा महत्त्वाचा, म्हणून खरेदीपूर्वी टाकीची अल्कलिनिटी मोजावी आणि तिच्या जवळ जाणारे मीठ निवडावे.

पुढे कधी मीठ बदलावे लागले, तर एक हिशेब ध्यानात असू द्या. टाकीत अल्कलिनिटी ८ आणि नव्या पाण्यात १२ असेल, तर २० लिटर बदलल्यावर टाकी ८.४ वर जाते, ज्याने काही बिघडत नाही. पण साफसफाईच्या उत्साहात एकदम १०० लिटर बदलले, तर ती तासाभरात १० वर पोहोचते आणि असा झटका प्रवाळांना सोसत नाही.

मिठाइतकेच लक्ष पाण्याकडे द्यावे. स्वयंपाकघरातल्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे ते पाणी पिण्यास चांगले असले तरी टाकीसाठी आरओ-डीआयचे (आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेले), टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण शून्य दाखवणारेच पाणी वापरावे. पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये; तसे केल्यास पाणी दुधासारखे गढुळते आणि तळाशी बसणारा पांढरा थर म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेले कॅल्शियमच असते.

किती मीठ आणावे, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. लिटरला साधारण ३६ ग्रॅम धरले, तर २० लिटरला आठवड्याला पाऊण किलोच्या आत मीठ लागते, म्हणजे २० किलोचा डबा सहा महिने पुरेल. स्वस्त पडतो म्हणून तो मे महिन्यात आणला, तर अख्खा पावसाळा उघडा-बंद होत राहील आणि ठाण्याच्या दमट हवेत मिठाचे दगडासारखे गठ्ठे होतील. अशा गठ्ठ्यांत कार्बोनेट आधीच कॅल्शियमशी जखडून बसते, ते नीट विरघळत नाही आणि मोजणीत अल्कलिनिटी कमी भरते. पावसाळ्यापुरती लहान पिशवी घ्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि दर वेळी मोजण्याआधी डबा हलवून मीठ खालीवर करावे, कारण वाहतुकीत बारीक कण तळाला जातात.