नववीच्या मुलांना आर्मेनियन लोकांचा नरसंहार कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की पहिलं महायुद्ध शिकवताना आर्मेनियन लोकांचं (तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात राहणारे ख्रिश्चन अल्पसंख्याक) काय झालं हेही सांगायचंय, पण मुलं चौदा-पंधरा वर्षांची, वर्गात सगळ्या धर्मांची, आणि हातात जेमतेम दोन पिरियड. मी सातारा जिल्ह्यात इतिहास शिकवते, बावीस वर्षं झाली, आणि हा विषय पहिल्यांदा घेतला तेव्हा मी तो पार वाया घालवला होता, म्हणून आधी तेच सांगते.

मी सरळ प्रोजेक्टरवर फोटो लावले. हाडांचे सापळे झालेली पोरं, रस्त्याकडेची प्रेतं. एक मुलगी उठून बाहेर गेली, बाकी वर्ग गप्प, मला वाटलं पोरांना समजलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकाने वर्गातल्या मुस्लिम मुलाला ऐकवलं, "तुमच्याच लोकांनी केलं ना ते?" आता त्या पोराचा आणि ऑटोमन साम्राज्याचा काय संबंध! पण चूक माझी. नुसती प्रेतं दाखवली की पोरं 'मारणारे कोणत्या जातीचे' एवढंच विचारतात, त्याची तयारी कशी झाली तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

म्हणून आता मी कागदापासून सुरुवात करते. 27 मे 1915 ला इस्तंबूलच्या ऑटोमन सरकारने एक तात्पुरता कायदा केला, की फितुरीचा किंवा हेरगिरीचा संशय आला तर लष्कराने गावंच्या गावं हलवून दुसरीकडे वसवावीत. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्यात आर्मेनियन हा शब्दच नाही. मग जूनमध्ये त्यांनी 'सोडून दिलेल्या मालमत्तेचे' नियम काढले. मी फळ्यावर तेवढंच लिहिते, 'हलवणे', 'वसवणे', 'सोडून दिलेली', आणि विचारते, घर सोडलं कोणी? आमच्याकडे कोयना धरणात गाव गेलेली घरं आहेत, आजीने सांगितलेलं असतं, त्यामुळे पोरं लगेच बोलायला लागतात. तिथे मात्र मी थांबवते, कारण ते आणि हे एक नाही. इथे पुरुषांना आधीच वेगळं काढून मारलं, बायका-मुलांना सीरियाच्या वाळवंटात देर एझ-झोरपर्यंत चालवत नेलं, वाटेत भूक, ताप, टोळ्यांचे हल्ले, आणि जे पोचले त्यांना वसवायला तिथे काहीच नव्हतं. उलट 1916 च्या उन्हाळ्यात तिथेही कत्तली झाल्या. नकाशावर बोट ठेवून अंतर मोजायला लावा, फोटोपेक्षा ते जास्त काम करतं.

आणि एक किस्सा नक्की सांगा. त्यावेळचा अमेरिकेचा राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ, त्याने लिहून ठेवलंय की गृहमंत्री तलात पाशा त्याच्याकडे अमेरिकन विमा कंपन्यांच्या आर्मेनियन ग्राहकांची यादी मागत होता, का तर म्हणे ते सगळे मेले, वारस कोणी उरला नाही, तर पैसे आता सरकारचे. ज्यांच्या घरी एलआयसीचे हप्ते भरतात त्या पोरांना हे दोन मिनिटांत कळतं, फार समजवावं लागत नाही.

'हे आपल्याला कशाला' असं कोणीतरी विचारणारच. आमच्याकडे घराघरात फौजी आहेत त्यामुळे माझं उत्तर सोपं असतं: एप्रिल 1916 मध्ये आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला जी ब्रिटिश फौज तुर्कांना शरण गेली ती सहावी पूना डिव्हिजन, त्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. त्यातल्या कितीतरी हिंदी कैद्यांना सीरियातल्या रास अल-आइनला रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि रास अल-आइन म्हणजे आर्मेनियन लोकांच्या छावण्या जिथे होत्या तेच ठिकाण. शिशिर प्रसाद सर्बाधिकारी नावाच्या बंगाली वैद्यकीय सेवकाने तिथे भेटलेल्या आर्मेनियन लोकांबद्दल बंगालीत लिहून ठेवलंय. म्हणजे आपली माणसं तिथे होती, बघत होती.

आता त्या मधल्या सुट्टीवाल्या भांडणाचं. ते टाळायला मी हुकूम पाळायला नकार देणाऱ्या माणसांना वेळ देते. अलेप्पोचा आणि नंतर कोन्याचा गव्हर्नर जेलाल बे, याने हुकूम पाळायला टाळाटाळ केली तर त्याची बदली केली, मग पदावरूनच काढलं. लिजे नावाच्या तालुक्याचा अधिकारी हुसेन नेसिमी, तो ऐकेना म्हणून त्याचा खूनच झाला. मक्केचे शरीफ हुसेन यांनी 1917 मध्ये पत्र काढलं की आर्मेनियन लोकांना स्वतःच्या घरच्यासारखं सांभाळा. हे सगळे मुसलमान. आणि युद्ध हरल्यावर 1919-20 मध्ये खुद्द ऑटोमन कोर्टाने तलात पाशाला त्याच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली, हे तर बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. पण हे सांगताना गुन्हा पातळ करू नका हं. कायदा सरकारचा, यंत्रणा सरकारची, आणि लुटीत वाटा कितीतरी सामान्य शेजाऱ्यांनी घेतला.

मेलेल्यांच्या आकड्यांवरून गुगल करून येतात पोरं. 6 लाखांपासून 15 लाखांपर्यंत आकडे सापडतात, बरेच अभ्यासक 10 लाखांच्या आसपास धरतात, तेवढं सांगून पुढे जायचं. तुर्कस्तान आजही नरसंहार हा शब्द मानत नाही, अमेरिकेच्या अध्यक्षांनी तो 2021 मध्ये अधिकृतपणे वापरला, भारत सरकारने अजून नाही, हेही सांगा, पण म्हणून 'दोन बाजू' असा वादविवाद लावू नका वर्गात. वाद कुठे आहे आणि राजकारण कुठे आहे हे आपणच वेगळं करून द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर हिटलरचं ते 'आर्मेनियन आज कोणाला आठवतात' वालं वाक्य फिरतं ते मी वापरत नाही, तो ते खरंच बोलला का यावरच वाद आहे आणि त्याच्याशिवाय काही अडत नाही.

त्यापेक्षा लेम्किन घ्या. 1921 मध्ये बर्लिनला एका आर्मेनियन तरुणाने तलातला गोळी घातली. तेव्हा राफाएल लेम्किन हा पोलंडमधला ज्यू विद्यार्थी, त्याने प्रोफेसरांना विचारलं, एका माणसाला मारलं तर खटला आणि लाखोंना मारलं तर अटकही नाही, असं कसं? प्रोफेसर म्हणाले, शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर तुम्ही मध्ये पडणार का? हा प्रश्न वर्गाकडे टाका आणि गप्प बसा. माझ्या वर्गात यावर अख्खा पिरियड गेलाय एकदा, आणि तोही शेतकऱ्यांच्या पोरांत, म्हणजे बघा. याच लेम्किनने पुढे 1944 मध्ये 'जेनोसाइड', म्हणजे नरसंहार, हा शब्द तयार केला.

शेवटची दहा मिनिटं कोमितासला ठेवा. पाद्री होता, संगीताचा माणूस, आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करत लोक फिरले तसा तो गावोगाव फिरून आर्मेनियन लोकगीतं उतरवून घ्यायचा. 24 एप्रिल 1915 च्या रात्री इस्तंबूलमध्ये जे दोनशेच्या वर लेखक, वकील, पुढारी उचलले त्यांच्यात हाही होता. त्याला काही आठवड्यांत परत सोडलं, पण मन ठिकाणावर राहिलं नाही, 1935 मध्ये पॅरिसजवळच्या इस्पितळात वारला. त्याने उतरवलेली गाणी युट्यूबवर आहेत, एखादं लावा. फक्त स्पीकर आधी चेक करून घ्या, माझा ऐनवेळी बंद पडला होता आणि मग चाळीस पोरं एका मोबाइलभोवती वाकून ऐकत होती.